कूलरमधला राखाडी चिखल

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळू लागलं आणि आमच्या मोटारीच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढली. मी तेव्हा लोणावळा ते तळेगाव चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो, आणि त्याच गाडीचा मिस्त्रीही. दोन्ही कामं एकाच माणसाकडे असलेली बरी, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. म्हणजे गाडी बिघडली तर ड्रायव्हरला मिस्त्रीवर आणि मिस्त्रीला ड्रायव्हरवर ढकलता येत नाही. दोष ढकलायला तिसरा माणूस सापडू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कोळशावर चालणारी मोटार आता कुणी पाहिलेली नसते, म्हणून थोडं सांगतो. गाडीच्या मागे माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्यात वरून कोळसा भरायचा, खाली विस्तव करायचा आणि हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा. त्यातून जो गॅस निघे त्यावर इंजिन चाले. पण हा गॅस निघताना तापलेला आणि राखेने भरलेला असे, आणि तसाच इंजिनात सोडला तर गाडी ओढत नसे. म्हणून गाडीच्या पोटाखाली लोखंडी नळ्यांची एक रुंद चौकट होती. गॅस या नळ्यांतून फिरत पुढे जाई आणि चालत्या गाडीचं वारं लागून थंड होई. या चौकटीला आम्ही कूलर म्हणायचो. तो तुंबला की गाडी जागची हलत नसे.

उतारूंना यातलं काही ठाऊक नसे आणि बोलायचं मात्र सगळ्यांना असे. ज्यांनी जन्मात एक नट ढिला केला नाही, ती माणसं यंत्राविषयी सगळ्यांत जास्त बोलतात. सकाळी मी घाम गाळत पंखा फिरवत असताना कुणी तरी शेजारी उभं राहून, त्यापेक्षा बैलगाडी बरी, असं म्हणायचंच. मी उत्तर देत नसे. मला त्या धुरकट गाडीचा अभिमान होता. पेट्रोल असताना गाडी कुणीही चालवील, कोळशावर चालवायला अक्कल लागते, असं मला वाटे, आणि ती अक्कल आपल्याकडे आहे याची मला खातरी होती.

कोळसा एक कातकरी आणून देई. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर आमच्या मालकांचं रान होतं. तिथे तो आणि त्याची बायको खोप घालून राहत. मालकांशी त्याची तोंडी बोली होती. त्याने रानातलं लाकूड तोडून कोळशाची भट्टी लावायची, आमच्या गाडीला कोळसा पुरवायचा, आणि त्या बदल्यात उताराच्या एका तुकड्यावर आपली नाचणी करायची. कागद वगैरे काही नव्हता. मालकांच्या मनात असेल तोवर रान त्याचं. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला मिस्त्री म्हणून अहो-जाहो करायचा. तेव्हा सगळेच तसं करत, हे सांगून मी काही सुटत नाही.

एकदा मी वर जाऊन त्याची भट्टी पाहिली होती. लाकडं रचून, त्यावर पाला आणि ओली माती थापून त्याने आत विस्तव सोडला होता. मग कित्येक दिवस दोघं पाळीपाळीने नुसतं धुराकडे बघत बसत. माती कुठे तडकली तर लगेच लिंपायची, नाहीतर आतल्या कोळशाची राख होते. आणि घाई करून भट्टी लवकर उघडली तर कोळसा कच्चा निघतो, आत लाकूड तसंच राहतं. कच्चा कोळसा म्हणजे गॅसच्या मोटारीचा वैरी. त्यातून डांबर सुटतं आणि ते नळ्यांत जाऊन बसतं. हे आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होतं. कूलर तुंबला की कोळसा कच्चा, असं आम्ही गाडीखाली न वाकताच सांगून मोकळे व्हायचो.

त्या उन्हाळ्यात वडगावच्या कचेरीत जाणाऱ्या एका कारकुनाच्या धोतरावर कोळशाची भुकटी उडाली. वाटेत मी पिंपात कोळसा ओतत होतो, वाऱ्याचा झोत आला आणि मागच्या बाकावरचे पाच-सहा जण काळे झाले. कारकून मालकांच्या घरी जाऊन ओरडून आला. मालक मला म्हणाले, "मिस्त्री, लोक परटाकडचे कपडे घालून बसतात. उद्यापासून एकाच्याही अंगावर ठिपका दिसता कामा नये."

मी एक युक्ती काढली. मोटार स्टँडजवळ टांग्याच्या घोड्यांसाठी दगडी हौद होता. संध्याकाळी कोळशाच्या गोण्या मी त्यात बुडवून काढू लागलो आणि पाणी निथळायला फळीवर उभ्या करून ठेवू लागलो. सकाळी गोणी वरून कोरडी दिसे आणि ओतताना चिमूटभरही भुकटी उडत नसे. कारकूनसाहेब खूश झाले. मालकांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. गॅसच्या दुसऱ्या दोन मोटारींचे ड्रायव्हर स्टँडवर येत, त्यांनाही मी ही युक्ती शिकवली, आणि शिकवताना मिशीवर ताव देत होतो हेही कबूल करतो.

तीनेक आठवड्यांनी तळेगावहून परत येताना कामशेतच्या अलीकडच्या खिंडीत गाडीने मान टाकली. विस्तव चांगला होता, पंखा फिरवला तर पिंपाशी गॅसही पेटत होता, पण इंजिनाला तो पोचत नव्हता. मी खाली शिरून नळ्यांवरून हात फिरवला. पहिल्या दोन नळ्या चटका बसावा इतक्या तापलेल्या आणि पुढच्या अगदी गार. म्हणजे मधे कुठे तरी वाट बंद. बाहेर येऊन मी हात झटकले. उतारूंनी विचारलं काय झालं, आणि मी म्हणालो, "कोळसा कच्चा आहे, दुसरं काय."

हे मी गाडी न उघडता म्हणालो. माझ्या मनात कसलंही कपट नव्हतं, ते तोंडात बसलेलं वाक्य होतं. पण उतारूंत मालकांचे मेहुणे होते. लोक चालत कामशेतला गेले, एका शेतकऱ्याने बैल जुंपून गाडी खिंडीबाहेर काढून दिली, आणि अडीअडचणीसाठी डब्यात जपून ठेवलेल्या पेट्रोलवर मी ती कशीबशी लोणावळ्याला आणली. मी पोचायच्या आधी माझं वाक्य मालकांच्या घरी पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्टँडवर आले. त्यांनी वरून कातकऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला, डोक्याचं फडकं हातात घेऊन. मालकांनी त्याला काही विचारलं नाही. ते म्हणाले, "मिस्त्री, उघडा. बघू दे ह्याला त्याच्या हातचं काम."

डांबर काढायला रॉकेल लागतं, पाण्याने ते हलतसुद्धा नाही. रॉकेल तेव्हा दुर्मीळ होतं. मालकांनी घरच्या कंदिलासाठी ठेवलेली एक भरलेली बाटली आणून माझ्या शेजारी ठेवली होती. मी कूलरच्या दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवले आणि झाकणं काढली. नळ्यांची तोंडं बंद झाली होती खरी. मी लांब सळईला गोणपाटाचा बोळा गुंडाळला आणि पहिल्या नळीत घातला.

सळई अडकली, पण चिकटली नाही. मी ती फिरवली आणि बाहेर ओढली. बोळ्यावर राखाडी रंगाचा चिखल होता. बोटांत घेऊन चोळला, भिंतीला लावायच्या गिलाव्यासारखा सरसरीत. वास घेतला, डांबराचा वास नव्हता. मी बादलीभर पाणी नळीत ओतलं. दुसऱ्या टोकाने राखाडी पाण्याचा लोंढा बाहेर आला, उतारावरून वाहत गेला आणि कातकऱ्याच्या पायांशी थांबला. आणखी एक बादली ओतली, नळी आरपार स्वच्छ झाली.

गाडीखाली उताणा पडल्या पडल्या मला सगळं कळलं. कोरड्या, पक्क्या कोळशातून राख येते, ती नळीत भुरभुरीत राहते आणि झटकली की जाते. तिचा चिखल व्हायला पाणी लागतं. ओला कोळसा विस्तवावर पडत होता, त्याची वाफ गॅसबरोबर निघत होती, थंड नळ्यांत शिरली की तिचं पाणी होत होतं आणि राख त्यात कालवली जात होती. रोज थोडं थोडं, तीन आठवडे. कोळशात काही खोट नव्हती. कूलर मी तुंबवला होता, हौदाच्या पाण्याने.

मी बाहेर आलो. हात बादलीत घालून धुतले, ते लगेच स्वच्छ झाले. मालक नळ्यांतून निघालेल्या घाणीकडे बोट दाखवून कातकऱ्याला म्हणाले, "बघितलंस? ह्यापायी काल गाडीभर लोक खिंडीत उन्हात उभे होते."

"कच्चा न्हाई वो मालक," तो म्हणाला. "आठ दिस भट्टी धुपत व्हती. थंड झाल्याबिगर हात न्हाई लावला."

"मग हे काय आहे?"

तो पायांशी साचलेल्या राखाडी पाण्याकडे बघू लागला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोल्ट फडक्याने पुसत होतो. मालकांची नजर रॉकेलच्या बाटलीवर गेली. त्यांनी ती उचलली आणि विचारलं, "हे लागलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "पाण्यावरच भागलं."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बाटली बगलेत धरून कातकऱ्याकडे वळले. "आठ दिवसांत रान खाली कर. कोळशासाठी मी कामशेतच्या ठेकेदाराशी बोललोय."

त्याने उतारावर राब भाजून ठेवला होता. नाचणीचं बी टाकायच्या आधी पाला-पाचोळा पसरून जमीन भाजतात, ते काम महिनाभराचं असतं, आणि पाऊस आता तोंडावर आला होता. ऐन वेळी दुसरीकडे रान मिळत नाही. रान गेलं म्हणजे त्या वर्षाची नाचणी गेली, हे मालकांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि त्याला तर होतंच. तो एवढंच म्हणाला, "राब भाजलाय, मालक." मालक तोवर निघाले होते.

मी का बोललो नाही, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. नोकरी जाईल अशी भीती म्हणावी तर तीही नव्हती. गॅसच्या गाडीचा मिस्त्री तेव्हा सहजासहजी मिळत नसे. मालक चार शब्द बोलले असते आणि विसरले असते. मला भीती वाटली ती हसं होण्याची. दोन ड्रायव्हरांना मी ती युक्ती शिकवली होती आणि कारकून तिची तारीफ करत होता. एवढ्याशा गोष्टीसाठी मी दोन माणसांचं वर्षाचं अन्न जाऊ दिलं. मोठ्या लोभापायी केलेलं पाप निदान समजतं तरी. हे किती क्षुल्लक होतं, याचीच मला आजही लाज वाटते.

त्या आठ दिवसांत त्याची बायको एकदा स्टँडवर आली होती. हातात रिकामी पाटी होती. हौदाच्या कडेला ती बराच वेळ बसून राहिली. मी गाडीखाली काम करत होतो, काम संपलं होतं तरी बाहेर आलो नाही. तिला काही विचारायचं असेल, या भीतीने मी घट्ट असलेले बोल्ट पुन्हा पुन्हा आवळत पडून राहिलो. शेवटी तिची पावलं निघून जाताना दिसली. नवव्या दिवशी कुणीतरी सांगितलं की वरची खोप मोडली.

गोण्या भिजवणं मी कूलर साफ केला त्याच संध्याकाळी बंद केलं होतं, कुणालाही न सांगता. भुकटी उडू नये म्हणून पिंप आणि मागचा बाक यांच्यामध्ये ताडपत्रीचा पडदा लावला. तो शिवायला एक दुपार पुरली. हे आधीच सुचलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. इतर दोघा ड्रायव्हरांनाही भिजवू नका म्हणून सांगितलं, कारण विचारलं तेव्हा गोण्या कुजतात म्हणालो. कामशेतचा कोळसा येऊ लागला. त्यानंतर कूलर उघडला की आत कोरडी राख तेवढी सापडे.

आणि मालक ज्याला त्याला सांगू लागले, "बघा, कोळसा बदलला आणि गाडी सुधारली. मिस्त्रीने बरोबर ओळखलं होतं." माझ्या मनात नसताना माझ्याच दुरुस्तीने त्या माणसावर शिक्कामोर्तब झालं. मी चूक चालू ठेवली असती तर कामशेतच्या कोळशावरही कूलर तुंबला असता आणि खरं काय ते आपोआप उघड झालं असतं. मी चूक सुधारली, पण ती गुपचूप सुधारली, म्हणून ती त्याची झाली. रात्री पाठ टेकली की हे आठवे आणि कूस बदलावी लागे.

दिवाळीनंतर कार्ल्याजवळ रस्त्याची डागडुजी निघाली. एके सकाळी गाडी तिथून जात असताना मी त्याला पाहिलं. तो आणि त्याची बायको रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसली होती. त्याने गाडी ओळखली आणि हात कपाळाशी नेला. मी समोर बघत राहिलो आणि वेग वाढवला. कोळशाच्या गाडीचा वेग वाढून वाढणार किती. मला आरशात तो बराच वेळ दिसत राहिला. जाताना एकदा आणि येताना एकदा, असं पाचसहा दिवस चाललं. सातव्या दिवशी मला ते सोसेना.

मी आधी मालकांकडे गेलो. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. उभ्यानेच मी सगळं सांगितलं, हौद, गोण्या, चिखल, रॉकेलची बाटली. त्यांनी चष्मा काढला. "मग तेव्हाच का नाही बोललात?" असं विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहिली. "रान आता दुसऱ्याला दिलंय," ते म्हणाले. "त्यालाही पोरंबाळं आहेत. त्याला कसं उठवू?" ते चूक म्हणत नव्हते. मी नमस्कार करून निघालो. रान परत मिळवून मगच त्याच्यासमोर जायचं असं मी मनाशी ठरवलं होतं, ते आता होण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याजवळ मी गाडी उभी केली. विस्तव मंदावलाय, दहा मिनिटं लागतील, असं उतारूंना सांगितलं आणि खडीच्या ढिगाकडे चालत गेलो. तो उठून उभा राहिला. त्याच्या भुवयांवर दगडाची धूळ बसली होती.

"राम राम मिस्त्री," तो म्हणाला. "गाडी बिगाडली व्हय?"

"गाडी बरी आहे," मी म्हणालो. "तुमचा कोळसा कच्चा नव्हता. मी गोण्या भिजवत होतो, त्याने कूलर तुंबला. हे सांगायला आलोय. मालकांनाही सांगितलं, पण रान दुसऱ्याला दिलंय म्हणाले."

मी त्याला प्रथमच अहो म्हणालो होतो. ते त्याच्या ध्यानात आलं की नाही कळलं नाही. त्याने हातोडी ढिगावर ठेवली.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. मी हुबाच व्हतो न्हवं तितं. डांबर आसतं तर पान्यानं गेलं आसतं का? राकेल लागलं न्हाई आसं तुमीच म्हनला मालकास्नी."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हणालो. आदल्या दिवशी मालकांनी मला जे विचारलं तेच मी त्याला विचारत होतो, हे तोंडातून गेल्यावर कळलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "माजं कोन आयकतंय, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमचं आयकलं आसतं." मग त्याने फडक्याने तोंड पुसलं आणि बायकोकडे पाहिलं. "मी म्हनत व्हतो, दुसऱ्याच दिशी निगू, पावसाच्या आदी कुटं तरी तुकडा बगू. ही आयकंना. म्हनली, आठ दिस हायेत, थांबू या. मिस्त्री मानूस बरा हाय, सांगंल मालकास्नी."

ती त्याच्या शेजारीच बसली होती. तिने मान वर केली नाही. डाव्या हाताने दगड फिरवून नीट बसवला आणि त्यावर हातोडी घातली.